न बोललेला चार

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या काचेच्या कारखान्यात नवीन माणसालाही पहिल्या तासात कळतं. कुणी हातमोजे न घालता काचेला हात लावला, कुणी गुडघे न वाकवता नुसती पाठ वाकवून खोकं उचललं, की मी गोदामाच्या दारातून ओरडते, “थांबा!” त्यामुळे माझं नाव पडलं थांबामावशी. पडू दे. मी थांबा म्हटलं म्हणून कुणाचं बोट तुटल्याचं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही.

आता काचा ठेवायची घोडीच घ्या. लाकडाची चौकट, वर निमुळती, खाली पाय फाकलेले. तिच्या दोन्ही अंगांना काचा टेकवून उभ्या ठेवायच्या. काढतानाही एक या अंगाची, एक त्या अंगाची, अशा काढायच्या. पण माणूस कसा, हाताशी येईल तेच ओढणार! एक अंग रिकामं केलं की दुसऱ्या अंगाच्या भारानं अख्खी घोडी उलथते. हे मी किती वेळा सांगितलं असेल? माझ्या गोदामात जड माल कमरेच्या उंचीवर, हलका वरच्या फळीवर, आणि पायात काही म्हणजे काही नाही. मोजे जोडीजोडीनं खिळ्याला. लाकडी ठोकळे एका आकाराचे एकत्र, प्रत्येकावर नमदा, म्हणजे जाड लोकरी कापड, चिकटवलेला. डोळे मिटून हात घातला तरी हवं ते सापडेल. कुणी आत येऊन एक ठोकळा इकडचा तिकडे केला, तर मला रात्रीचं जेवण जात नाही.

पण मी काही जन्मापासून गोदामात नव्हते. मी मोजणारी होते.

मोठी काच उचलायची तर आठ-दहा माणसं लागतात, आणि एक माणूस बाजूला उभं राहून मोजतो. मोजणाऱ्यानं काचेला हात लावायचा नाही, हा माझ्या वडिलांचा नियम. कारखाना त्यांचाच. ते म्हणायचे, “हातात वजन असलं की माणसाला आपलंच वजन दिसतं. सगळ्यांचं बघायला एक जण रिकामा हवा.” माझं वजन तेव्हाही पंचेचाळीस किलो आणि आवाज मात्र फाटकापर्यंत जाणारा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. अठरा वर्षं मी मोजलं. माझ्या आवाजावर उचललेली एक काच फुटली नाही. आणि मग फुटली.

त्याला अकरा वर्षं झाली. एका मोठ्या इमारतीचं काम होतं, आमची टोळी पुरी पडेना, म्हणून माझ्या दिरांची टोळी बोलावली. गोदाम बघणारे माझे यजमान तेव्हा नुकतेच गेले होते, आणि हा त्यांचा धाकटा भाऊ. आमच्यात प्रेम होतं हो. माझ्या लग्नात तो पंधरा वर्षांचा होता, माझ्या हातची पोळी खाऊन मोठा झाला. पुढे दगडाच्या वखारीत लागला, फरशीच्या लाद्या उचलणाऱ्या माणसांचा मुकादम झाला. दगडवाले म्हणजे ताकदीचे लोक. पहिलीच काच. पुढच्या टोकाला त्यांची सहा माणसं आणि ते स्वतः, मागच्या टोकाला आमची सहा. मी मोजलं. एक, दोन, तीन. आणि काच हिसका बसल्यासारखी पुढून वर गेली, मागचा कोपरा जमिनीवर आपटला, एक आवाज झाला, काच फुटून पुढे कोसळली, आणि भाऊजी खाली बसले ते उठलेच नाहीत. टाचेच्या वरची शीर कापली होती.

दवाखान्याच्या बाकावर त्यांचा माणूस मोठ्यानं म्हणाला, “बाईनं मोजणी चुकवली.” मी म्हटलं, “तुमच्या लोकांना धीर नाही, वखवखल्यासारखे उचलता!” भाऊजी आत खाटेवर होते. त्यांनी सगळं ऐकलं. मी भेटायला आत गेले तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही जा.”

गेले. त्यानंतर आमचं बोलणं नाही. ते आयुष्यभराचे लंगडे झाले, आणि मी मोजणं सोडलं.

सगळ्यांना सांगत आले की चूक त्यांच्या माणसांची. भांडून सांगितलं, टेबलावर हात आपटून सांगितलं. पण खरं सांगू? या अकरा वर्षांत भाजी चिरताना, मोज्यांच्या जोड्या लावताना, मी तो ‘तीन’ हजार वेळा पुन्हा म्हणून पाहिला. लांबला होता का? माझं लक्ष चळलं होतं का? नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईचं लक्ष चळू शकतं की. ज्या माणसाला मी लहानाचं मोठं केलं, त्याचा पाय माझ्या आवाजानं गेला का, एवढा एकच प्रश्न माझ्या पोटात बसून होता. तो मी कुणाला दाखवला नाही.

आता ऐका पुढचं.

वडिलांच्या मागे कारखाना माझ्या लेकीनं हातात घेतला. मोजणीही तीच करते. माझ्यापेक्षा शांत आहे, बापावर गेलीय. या वर्षी तिनं वाचनालयाचं काम घेतलं. जुनी इमारत, आणि बागेकडची अख्खी भिंत काढून तिथे एकच काच बसवायची. बारा मिलिमीटर जाड, चार मीटर लांब, तीन मीटर उंच. वजन साडेतीनशे किलोच्या वर. मशिन आत जाईना, कारण वाचनालयापर्यंत जायला चाळीस पावलांचा अरुंद बोळ, मध्ये दोन पायऱ्या. म्हणजे माणसांनीच न्यायची. एवढी काच परत मागवायची तर चार महिने. आणि आत नेताना काही झालं तर त्या बोळात बारा माणसांना पळायला जागा नाही, हे मी मुद्दाम सांगायला नको.

बारा माणसं, आणि आमच्याकडे सहा. लेक संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली. पायाशी बसली म्हणजे काहीतरी गळ्यात मारणार, हे मी ओळखलं.

“आई, काकांकडे गेले होते.”

“कुठल्या काकांकडे?”

“किती काका आहेत मला?”

मी मोज्यांच्या जोड्या लावत राहिले.

“ते यायला तयार आहेत,” ती म्हणाली. “पण त्यांची एक अट आहे.”

“मी मोजायचं नाही.”

“तुला कसं कळलं?”

“तो पंधरा वर्षांचा असल्यापासून ओळखते मी त्याला! अगं, मी मोजतेच कुठे? मी तर गोदामात असते. सांग जाऊन त्यांना, म्हातारी ठोकळे पुसत बसेल, तोंडातून शब्द काढणार नाही.”

हे मी तोऱ्यात म्हटलं खरं. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझ्या आवाजावर माणसं हात उचलायला तयार नाहीत, हे कुणी तोंडावर सांगितलं की लागतंच.

तर ते आले. आमच्या अंगणात, सकाळी, काठी टेकत. केस पांढरे झालेले. त्यांच्या मागे त्यांची सहा माणसं. त्यात एक पैलवान, अंगाला मानच नाही, खांद्यावरून थेट डोकं. तो आल्या आल्या म्हणाला, “काच म्हणजे काय, आरसाच ना? आम्ही एकदा उचललं की जागेवर पोचल्याशिवाय खाली टेकवत नाही. मध्ये टेकवली तर आमच्याकडे लाज समजतात.” माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. मी ते गिळलं. भाऊजींनी माझ्या दाराकडे एकदा पाहिलं आणि नजर फिरवली.

सरावाला लेकीनं काचेच्याच मापाची लाकडी फळी बनवून घेतली होती, दोन फळ्यांच्या मध्ये वाळूच्या पिशव्या, वजन तितकंच. खाली चार ठोकळे. फळीला रबरी पकडी लावलेल्या, मूठ असलेल्या, दाबल्या की हवा निघून चिकटून बसणाऱ्या. पुढे दगडवाले, मागे आमचे. लेक बाजूला उभी राहिली.

“एक, दोन, तीन!”

फळी पुढून वर गेली, मागून टेकली, वाकडी झाली, आणि सगळे ओरडायला लागले. खाली ठेवली. पुन्हा. पुन्हा तेच. पैलवान आमच्या माणसांना म्हणाला, “झोपलात काय?” आमचा एक म्हणाला, “तुम्हाला कुठे आग लागलीय?” तिसऱ्यांदा तेच. लेकीचा चेहरा उतरला. ती चहा सांगते म्हणाली आणि सगळे सावलीत गेले. मग मला ऐकू आलं. भाऊजी, लेकीला, अगदी हळू: “तू आईसारखंच मोजतेस गं.”

तेवढंच. त्यात तिरकस काही नव्हतं, उलट माया होती. पण माझ्या मनात आलं, म्हणजे शाप आहे की काय आमच्या घराण्याच्या आवाजात?

अंगण रिकामं होतं. मी ठोकळे मोजायच्या निमित्तानं फळीजवळ गेले. मागचा खालचा कोपरा कुस्करला होता. एकाच जागी तीन खाचा, एकावर एक. बाकी तीन कोपरे कोरे करकरीत. मी तिथेच उकिडवी बसले. एखादा माणूस दमला, घसरला, लक्ष चुकलं, तर मार आज इथे, उद्या तिथे बसेल. तिन्ही वेळा त्याच जागी? ही चूक नव्हती. चूक इतकी शिस्तीनं वागत नाही.

आणि अकरा वर्षांपूर्वीच्या त्या फुटलेल्या काचेचा तुकडा माझ्याकडे होता. हो, होता. नमद्यात गुंडाळून सगळ्यात खालच्या फळीवर, मागे. का ठेवला होता ते मला विचारू नका. जाऊन सोडून पाहिला. मागचा खालचा कोपरा. भुगा झालेला.

चहा संपवून मंडळी परत आली तेव्हा मी गोदामाच्या उंबऱ्यावर खाली बसले. उभं राहिलं की माणसाला तोंडं दिसतात, बसलं की गुडघे दिसतात. लेकीनं मोजलं. “एक.” चोवीस गुडघे वाकलेले. “दोन.” वाकलेले. “तीन” म्हणता म्हणता, तो शब्द तिच्या तोंडात असतानाच, पुढचे बारा गुडघे सरळ झाले. मागचे बारा तसेच होते. ते एक श्वास घेत होते. मग तेही सरळ झाले.

बाई गं.

आमच्याकडे तीन म्हणजे उचल नव्हे. तीन म्हणजे पकड घट्ट. तीननंतर एक श्वास भरायचा, आणि जिथे चार यायला हवा, तिथे, तो न बोलता, उचलायचं. माझ्या वडिलांनी असंच शिकवलं, मी असंच मोजलं, लेकीला मी असंच दिलं. काच नाजूक, तिला हिसका चालत नाही, म्हणून तो श्वास. आणि दगडवाले? त्यांना तीन म्हणजेच उचल. दगडाला श्वास देत बसलात तर बोटं अडकतात. त्यांचंही बरोबर, आमचंही बरोबर. फक्त आम्हाला वाटत होतं, सगळं जग असंच उचलतं. कधी कुणी कुणाला विचारलंच नाही. आपण जेवताना घास कुठल्या हातानं घेता, असं कुणी पाहुण्याला विचारतं का?

मी उठले. तोंडातून शब्द काढणार नाही म्हटलं होतं, पण ते म्हटलं होतं तेव्हाची गोष्ट वेगळी.

“थांबा!”

लेकीनं कपाळावर हात मारला. भाऊजींची मान ताठ झाली. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“भाऊजी, अट मोडतेय. नंतर काय बोलायचं ते बोला. आधी या बारा जणांना माझ्या ताब्यात द्या, एका मिनिटापुरतं. रिकाम्या हातांनी. त्यात कुणाचा पाय जाणार नाही.”

शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. त्यांचा चेहरा क्षणभर तसाच झाला, दवाखान्यात भिंतीकडे वळवला होता तसा. पण या वेळी त्यांनी तो वळवला नाही. काठी जमिनीवर एकदा टेकवली आणि म्हणाले, “एक मिनिट.”

मी सगळ्यांना फळीपासून दूर रांगेत उभं केलं. गुडघे वाकवा, मुठी धरा, डोळे मिटा. मी मोजेन. तुम्हाला जेव्हा उचलायची सवय आहे तेव्हा सरळ व्हा, आणि मी तीन म्हटल्याबरोबर टाळी वाजवेन, तेव्हा जिथे असाल तिथे थिजून राहा.

“हे काय, लहान मुलांचा खेळ आहे काय?” पैलवान म्हणाला.

“डोळे मीट रे.”

मिटले. मी मोजलं. अकरा वर्षांनी. आवाज कापेल असं वाटलं होतं, कापला नाही. एक. दोन. तीन. टाळी.

“आता डोळे उघडा, आणि जागचे न हलता एकमेकांकडे बघा.”

सहा माणसं ताठ उभी. सहा माणसं वाकलेली, नाकानं श्वास ओढत. पैलवान छाती काढून उभा होता आणि शेजारी आमचा माणूस त्याच्या पोटाएवढा बसलेला. आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळं अंगण हसायला लागलं, आमचा एक तर तसाच मागे कलंडला. लेक हसली आणि हसता हसताच तिनं तोंडावर हात धरला, कारण तिला कळलं होतं.

भाऊजी हसले नाहीत. ते उभ्यांकडून वाकलेल्यांकडे बघत राहिले, परत उभ्यांकडे. मग माझ्याकडे.

“म्हणजे त्या दिवशी...”

“हो.”

“तुम्ही बरोबर मोजलं होतं.”

“आणि तुमच्या माणसांनी बरोबर उचललं होतं,” मी म्हटलं. “वेळेवर. त्यांच्या वेळेवर.”

मी गोदामातून तो नमदा आणला आणि त्यांच्यासमोर उघडला. त्यांनी तुकड्याकडे हात नेला.

“मोजे घाला!” मी ओरडले. “कापेल.”

तेव्हा हसले. हसले आणि डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायलाही विसरले. बारा माणसं इकडेतिकडे बघायला लागली, पैलवान तर आभाळ पाहू लागला. मी रडले नाही असं सांगणार होते, पण लेक वाचेल आणि खोटं म्हणेल. रडले. एका श्वासापायी अकरा वर्षं! त्या पोराच्या लेकीचं लग्न झालं, मी गेले नाही. माझं ऑपरेशन झालं, तो आला नाही. संताप आला मला, कुणाचा ते कळेना.

“मग आता?” लेक म्हणाली. “तीनवर उचलायचं, की तीननंतर?”

आमचे म्हणाले, तीननंतर. ते म्हणाले, तीनवर. पुन्हा भांडण उभं राहायला लागलं.

“दोन्ही नको,” मी म्हटलं. “सवय ही वाईट चीज आहे. आज हो म्हणतील आणि वजन हातात आलं की ज्याचं ते अंग जुनंच करील. तीन हा आकडाच मोडीत काढा. मोजायचं मी नाही, तुम्ही. पहिला म्हणेल एक, दुसरा दोन, बारापर्यंत, ज्यानं त्यानं आपला आकडा. आकडा म्हणजे, माझी पकड घट्ट, माझे पाय पक्के. बारा झाले की मोजणारा बोलेल, उचल. तो शब्द संपला की उचल. एक जरी आकडा आला नाही तरी काच हलायची नाही. आणि वाटेत कुणाला काही वाटलं, कुणालाही, तर आपला आकडा ओरडायचा. खाली ठेवू.”

“मध्ये खाली?” पैलवान म्हणाला. “आमच्यात...”

“गप रे,” भाऊजी म्हणाले. मग लेकीकडे वळले. “पोरी, राग मानू नकोस. तू चांगलं मोजतेस. पण परवा मोजणी वहिनी करतील.”

लेकीनं एवढा मोठा राग मानला की मला उचलून गोल फिरवलं. “पाठ!” मी ओरडले. “पाठ वाकवून नाही, गुडघे!”

दोन दिवस सराव. चौदा वेळा फळी उचलली. कोपऱ्यावर नवी खाच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, चांगला उजेड आल्यावर, वाचनालयाच्या बोळाच्या तोंडाशी काच ठोकळ्यांवर उभी होती. बोळ आदल्या दिवशी मी स्वतः झाडला होता, एकूण एक खडा वेचला, पायऱ्यांवर लाकडी उतरण बसवली. लेक बाजूनं ठोकळ्यांची गाडी घेऊन चालणार होती, लागले तर सरकवायला. भाऊजी पलीकडच्या टोकाला चौकटीजवळ थांबले. मागे वळलं की ते दिसत होते, काठीवर दोन्ही हात ठेवलेले.

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले, काचेला लागू नयेत म्हणून.

“आकडे.”

“एक.” “दोन.” “तीन.” “चार.” “पाच.” पैलवान घोगऱ्या आवाजात म्हणाला, “सहा.” मग आमची माणसं, सातपासून बारापर्यंत.

बाराही आले. मी बारांच्या पायांकडे पाहिलं.

“उचल.”

आणि काच उठली. काय सांगू! चारही कोपरे एकदम, पाण्यातून होडी वर यावी तशी. आवाज नाही, हिसका नाही. साडेतीनशे किलो आणि बारा माणसांच्या चेहऱ्यावर आठी नाही. मी मागे सरकत पावलं सांगत होते. डावा. उजवा. डावा. दहा पावलं. वीस. उतरण आली, चढली, गेली. तीस.

“सहा!”

पैलवान. चेहरा लाल. त्याच्या मुठीखालची रबरी पकड कडेनं सुटत होती, बारीक सूं आवाज येत होता. दहाच पावलं उरली होती. तो दात खाऊन नेऊ शकला असता, तसा तो होता. दोन दिवसांपूर्वी त्यानं तेच केलं असतं, आणि आपण सगळे आज वेगळी गोष्ट सांगत असतो.

“थांबा,” मी म्हटलं. ओरडले नाही. बारा जण जागच्या जागी. “ठोकळे.” लेकीनं ते सरकवले. “ठेव.”

काच बोळातच टेकली, गादीवर पोर ठेवावं तशी. पैलवान मान खाली घालून म्हणाला, “माफ करा, मावशी. मध्येच टेकवावी लागली.”

“माफी कसली मागतोस? तू आज अकरा माणसांना घरी धडधाकट पोचवलंस. वर बघ.”

त्यानं वर पाहिलं. पकड पुसली, ओली करून पुन्हा दाबली, ओढून पाहिली.

“आकडे.”

बारा आकडे. या वेळी सहा सगळ्यात मोठ्यानं आला. काच उठली, उरलेली पावलं गेली, वळली, चौकटीत शिरली, खालच्या रबरावर बसली. कुठे ओरखडा नाही. लेकीनं पट्ट्या ठोकल्या आणि एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत हात फिरवला. मग बारा माणसांनी असा काही जल्लोष केला की वाचनालयाच्या बाई धावत आल्या आणि इथे शांतता पाळा म्हणाल्या. त्यावर अजूनच हशा. काचेतून बागेतला उजेड आत आला, टेबलांपर्यंत. मी जिंकले होते. मी हे असंच म्हणणार, आम्ही जिंकलो वगैरे नंतर. माझा आवाज मला परत मिळाला होता, आणि बारा माणसं आपापल्या दोन्ही पायांवर चालत घरी निघाली होती.

दुपारी भाऊजी गोदामात आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला. सगळं बघितलं, जड कमरेवर, हलकं वर. म्हणाले, “सगळं तसंच ठेवलंय तुम्ही, दादा असताना होतं तसं.” स्टुलावर बसले. मी चहा दिला. लेकीच्या तक्रारी केल्या दोघांनी मिळून. आमच्या नव्या मोजणीचा कागद त्यांनी मागितला, वखारीत लावायला. मी म्हटलं कागद कशाला, मीच येते, तुमचे लोक कागद वाचतात थोडेच.

मग ते निघायला लागले. स्टूल बुटकं, आणि तो पाय वाकल्यावर लवकर सरळ होत नाही. त्यांनी काठी टेकून पाहिली, जमेना. अकरा वर्षं त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता म्हणे, लेक सांगत होती. त्यांनी माझ्यापुढे हात केला.

मी दोन्ही हातांनी धरला. पाय रोवले, गुडघे वाकवले.

“आधी ठरवा,” मी म्हटलं. “तीनवर, की तीननंतर?”

“तुम्ही म्हणाल तेव्हा, वहिनी,” ते म्हणाले.